भोजनाची रोजकीर्द

गेल्या आठ महिन्यांपासून आमच्या लिहिण्याच्या मेजावर निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही पडलेली असते. तिच्या पहिल्या रकान्यांत वेळ, दुसऱ्यांत पदार्थ, तिसऱ्यांत त्याचें माप आणि चौथ्यांत त्या दिवशीं घरांतल्या घरांत केलेला व्यायाम, अशी नोंद आम्ही रोज रात्रीं निजण्यापूर्वीं करीत असतों. दर रविवारीं सकाळीं वजन करून तो आंकडा तांबड्या शाईनें लिहावयाचा असतो. हा उद्योग आम्हीं आपखुषीनें आरंभिला असें म्हटल्यास तें सत्याला सोडून होईल. बिबवेवाडींत आमच्या बिऱ्हाडापासून हांकेच्या अंतरावर ज्यांचा दवाखाना आहे त्या डॉक्टरांनीं रक्ताची तपासणी करविली, आणि ‘साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे, आंत घ्यावयाची कीं नाहीं तें तुम्ही ठरवा,’ असें सांगितलें. आमचा पेशा त्यांस ठाऊक होता. ‘सर, इतिहासांत तुम्ही पुराव्यावांचून बोलत नाहीं, मग स्वतःच्या जेवणाबद्दलच कां बोलतां? वही घाला,’ असें ते म्हणाले. उंची ५ फूट ६ इंच आणि वजन ८२ किलो, एवढा पुरावा त्यांच्यापुढें तेव्हांच होता.

दुसऱ्यांच्या कागदांतील खोट आम्हां इतिहासाच्या लोकांस तत्काळ दिसते; स्वतःच्या कागदांतील दिसण्यास थोडा वेळ लागतो. पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी प्रमाण मानल्या तर आम्ही एखाद्या तपस्व्याप्रमाणें जगत होतों. पण तांबड्या शाईचा आंकडा जागचा हालत नव्हता. दोन साधनांत विरोध आला म्हणजे ज्याला खोटें बोलण्यांत हित नाहीं तें खरें धरावें, हा नियम आम्हीच वर्गांत शिकवितों. कांट्याला आमची भीड कशाची? शोध करतां असें आढळलें कीं, येतां जातां डब्यांतून घेतलेले शेंगदाणे, कॉलेजांतील तिसरा चहा, ‘मीठ पुरेसें आहे कां पाहा’ म्हणून हातावर पडलेली भाजी, मुलीनें अर्धी टाकलेली पुरणाची पोळी, यांपैकीं कशासच आम्हीं जेवण मानलें नव्हतें. एकादशीचा दिवस तर ‘उपवास’ या एका शब्दांत उरकला होता. वास्तविक त्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी असा थाट होता. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कांहीं उगीच पडलेली नाहीं. येथें जातां जातां एक गंमत सांगावीशी वाटते. ज्या कंदापासून आमचा साबुदाणा होतो तो कंद, बटाटा आणि भुईमूग हीं तिन्हीं मूळचीं दक्षिण अमेरिकेंतलीं. कोलंबसापूर्वीं आमच्या पूर्वजांनीं ज्यांचें नांवही ऐकलेलें नव्हतें तेच पदार्थ आज आमच्या अत्यंत सोवळ्या फराळांत बसले आहेत.

अन्न लिहून ठेवणें ही पुण्याला नवी गोष्ट नव्हे. पेशव्यांच्या दफ्तराच्या रक्षणासाठीं १८९१ सालीं बांधलेली इमारत अद्याप या शहरांत उभी आहे, आणि तिच्यांतील रुमालांत रोजकीर्दीचे कागद बांधलेले आहेत. राव बहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं या रोजनिशींतून उतारे निवडले, आणि न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० सालीं त्यांवर प्रस्तावनापर निबंध लिहून राजांच्या लढायांपलीकडे प्रजेचा इतिहास कोठें सांपडेल तें दाखवून दिलें. किल्ल्यावर कोणत्या सालीं धान्य किती भरलें, कोणाला शिधा काय द्यावयाचा, कोठींतून काय खर्ची पडलें, हें सर्व शेर, पायली, मण आणि खंडी या मापांनीं तेथें मांडलेलें सांपडतें. तथापि त्या कागदांचा स्वभाव एक आहे: अन्न कोठीबाहेर किती पडलें तें त्यांस ठाऊक असतें, कोणाच्या पोटांत किती गेलें तें ठाऊक नसतें. हिशेब चोरीच्या भीतीनें ठेवलेला असतो, प्रकृतीच्या काळजीनें नव्हे. आणि ज्यांच्या नांवें शिधा निघतो ते बहुतेक पुरुष.

प्रकृतीच्या काळजीनें अन्नाकडे पाहणारा आमचा जुना ग्रंथ म्हणजे चरकसंहिता. तिच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत शरीरामुळें निंदेस पात्र होणारे आठ पुरुष सांगितले आहेत. त्यांत अति उंच, अति ठेंगू, अति गोरा, अति काळा वगैरेंना नुसतें मोजून ग्रंथकार पुढें जातो, आणि अति लठ्ठ व अति कृश या दोघांपाशीं मात्र थांबतो. दोहोंत कृश बरा, असा त्याचा निकाल आहे. स्थौल्याचीं कारणें वाचतांना आमच्यासारख्यानें मान खालीं घालावी. अति भोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोंप हीं तर आलींच. परंतु नित्य आनंदांत असणें व कसलीही चिंता न करणें हींही तेथें आहेत, आणि शेवटीं ‘बीजस्वभाव’ म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति हेंही आहे. उपायांत जव, मूग, कुळीथ, मध घातलेलें पाणी यांच्याबरोबर जागरण, व्यायाम आणि चिंता हीं हळूहळू वाढवीत जावीं, असें सांगितलें आहे. काळजी हें औषध म्हणून लिहून देणारा वैद्य आम्हांस दुसरा माहीत नाहीं. ‘बीजस्वभाव’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याच्याकडे आम्हांस परत यावयाचें आहे.

मापाची आवड मात्र युरोपांतली. पाडुआ येथील सांतोरिओ नांवाचा वैद्य कांट्याला टांगलेल्या खुर्चीवर बसून सुमारें तीस वर्षें स्वतःचें वजन, खाल्लेलें अन्न आणि शरीराबाहेर टाकलेला मळ यांचा मेळ घालीत बसला होता. त्याचा ग्रंथ १६१४ सालीं छापला गेला. पुढें अडीचशें वर्षांनीं लंडनांत विल्यम बँटिंग या गृहस्थानें १८६३ सालीं लठ्ठपणावर एक लहानसें पत्र प्रसिद्ध केलें. बँटिंग हा धंद्यानें प्रेतसंस्काराची सामग्री पुरविणारा. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड. बुटाचे बंद बांधण्यासाठीं वांकतां येईना. हार्वी नांवाच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यानें पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडले, आणि वर्षभरांत सुमारें ४६ पौंड वजन उतरविलें. न्याहारीस काय, दुपारीं काय, रात्रीं काय हें त्यानें मापासह छापलें होतें. त्याचें नांव इंग्रजींत पथ्य करणें या अर्थाचें क्रियापदच होऊन बसलें. शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ॲटवॉटर यानें माणसाला बंद खोलींत ठेवून त्याच्या अंगांतून निघणारी उष्णता मोजली आणि अन्नाला ‘कॅलरी’ची भाषा मिळाली. ती भाषा सामान्य स्त्रियांच्या स्वयंपाकघरांत नेली लुलु हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनीं, १९१८ सालच्या पुस्तकानें. आपल्याकडे कुन्नूरच्या प्रयोगशाळेंतून ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. तीच परंपरा पुढें हैदराबादेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें चालविली. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर भाकरी, वरण आणि भात यांपुढें जे आंकडे उतरून घेतले आहेत ते याच घराण्यांतले.

आतां चौथ्या रकान्याकडे वळूं. घरांतल्या घरांत, उपकरणावांचून, एका सतरंजीच्या जागेंत करावयाचा व्यायाम महाराष्ट्राला कोणीं शिकविला, या प्रश्नाचें उत्तर देतांना लोक समर्थांच्या बाराशें नमस्कारांच्या परंपरेकडे बोट दाखवितात. परंपरेचा आम्ही अनादर करीत नाहीं. पण मोजून, नियमानें, आबालवृद्धांनीं घालावयाचे सूर्यनमस्कार हा आजचा प्रकार बऱ्याच अंशीं औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या ध्यासाचें फळ आहे. बाळासाहेब १९०९ सालीं गादीवर आले. त्याआधीं कित्येक वर्षें ते युजेन सँडो या जर्मन मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम करीत असत. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून त्यांनीं सँडोचीं साधनें बाजूस ठेवून नमस्कारांची कांस धरली ती अखेरपर्यंत. त्यांनीं पुस्तक लिहिलें, संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, आणि १९३८ सालीं लुईज मॉर्गन या बाईंनीं त्यांच्या पद्धतीवरचें इंग्रजी पुस्तक संपादून लंडनांत प्रसिद्ध केलें. स्त्रियांनींही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता, हें विशेष. पुण्यांतही त्या काळीं व्यायामाचें वारें होतें. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनीं १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ काढलें. त्याचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय आज आमच्या शेजारीं गुलटेकडीस आहे. आणि त्याहून मागें जावयाचें तर लोकमान्यांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष अभ्यास सोडून तालमींत आणि पोहण्यांत घालविलें व परीक्षेंत ते नापास झाले, ही कथा कोणा पुणेकरास माहीत नाहीं? आमचे विद्यार्थी या कथेचा उत्तरार्ध तेवढा लक्षांत ठेवतात.

औंधचा विषय आम्हीं इतका लांबविला त्याला कारण आहे. आमचे वडील खटाव तालुक्यांतले. संस्थान विलीन होण्यापूर्वींच्या शेवटच्या वर्षांत ते औंधच्या शाळेंत शिकले, आणि पुढें चाळीस वर्षें प्राथमिक शिक्षकाची नोकरी करतांना रोज पहांटे नमस्कार घालीत राहिले. ते गेले तेव्हां त्यांच्या ट्रंकेंत हिशेबाच्या वह्या निघाल्या. दर दिवसाचा खर्च पैशापर्यंत लिहिलेला, आणि पानाच्या उजव्या कोंपऱ्यांत एक बारीक ‘न.’ व त्यापुढें आंकडा: न. ५१, न. ५१, न. २५ (ताप), न. ५१. आम्ही स्वतःच्या वहींत चौथा रकाना आंखला तेव्हां त्या ‘न.’ची आठवण आम्हांस नव्हती. तो हातांतच उतरला असावा. आमचा आंकडा सध्यां २४ आहे. बिबवेवाडींतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरांत याहून अधिक घातले तर खालच्या मजल्यावरचे सज्जन गृहस्थ वर पाहूं लागतात.

त्या वह्या आम्हीं यंदा प्रथमच नीट वाचल्या. १९७२ सालची वही वाचतांना मात्र हात थांबला. त्या वर्षीं महाराष्ट्रांत जो दुष्काळ पडला त्याचें वर्णन येथें करण्याचें कारण नाहीं. खडी फोडण्याच्या कामांवर गेलेलीं, सुखडी खाल्लेलीं आणि रेशनवरची परदेशी तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, दळून आणलेलीं माणसें अजून घरोघर आहेत. वडिलांच्या वहींत तो दुष्काळ चार ओळींचा आहे. सप्टेंबरांत ‘कडबा नाहीं.’ ऑक्टोबरांत ‘म्हैस विकली.’ त्याच्या खालीं ‘दूध बंद.’ डिसेंबरांत ‘मिलो १० किलो.’ आणि जानेवारी १९७३ मध्यें सुईणीला दिलेले पैसे, म्हणजे आमचा जन्म. कोंपऱ्यांतला ‘न.’ त्या सबंध काळांत एकदांही चुकलेला नाहीं. वडील काय जेवत होते तें त्या वहीवरून बऱ्याच अंशीं सांगतां येतें. आई काय जेवत होती तें कोणत्याही पानावरून सांगतां येत नाहीं. ती सर्वांच्या मागून जेवावयास बसे, आणि ‘जेवलीस कां?’ या प्रश्नाला तिचें उत्तर नेहमीं एकच असे. पातेल्यांत जें उरे तें तिचें जेवण. आणि उरलेल्या अन्नाला हिशेबांत खातें नसतें.

आई ६१ व्या वर्षीं मधुमेहानें गेली. जन्मभर ती काटकुळी होती. ‘एवढ्या हडकुळ्या बाईला साखर कशी?’ असें त्या वेळीं आल्यागेल्या प्रत्येकानें विचारलें होतें, आणि आम्हीही नशिबाकडे बोट दाखवून गप्प बसलों होतों.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें काम त्याच सुमारास पुण्यांतच चाललेलें होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा गांवांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराची पाहणी आरंभिली. सुमारें आठशें स्त्रियांच्या गरोदरपणाच्या नोंदी त्यांत आहेत. बाईसमोर बसून, कालच्या सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लें, हें एकेक वेळ धरून विचारावयाचें आणि लिहावयाचें. किती दूध, किती पालेभाजी, किती फळें. पेशव्यांच्या कोठीनें आणि आमच्या वडिलांच्या वहीनें जें लिहिलें नाहीं तें लिहिण्याचा हा खटाटोप होता. त्या स्त्रियांचें गर्भधारणेपूर्वींचें सरासरी वजन सुमारें ४२ किलो भरलें. त्यांचीं मुलें जन्मतः सरासरी २.७ किलोचीं, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोचीं. परंतु तुलना करतां असें दिसलें कीं, पुण्याचें बाळ सर्व बाजूंनीं सारखें लहान नव्हतें. स्नायु कमी, पोटांतील अवयव लहान, आणि चरबी मात्र त्या मानानें राखलेली. ज्या आयांनीं पालेभाज्या, फळें आणि दूध अधिक वेळां खाल्लें त्यांचीं बाळें थोराड निघालीं. पुढें मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां, ज्यांच्या आयांच्या रक्तांत फोलेट अधिक आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी होतें, त्यांच्या ठिकाणीं इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति अधिक दिसली. बी-१२ आपल्या शाकाहारी ताटांत येतें तें मुख्यतः दुधांतून.

डॉ. याज्ञिकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत लंडनच्या डॉ. यडकिन यांच्यासह स्वतःचेंच छायाचित्र छापविलें. दोघांचा उंचीवजनाचा निर्देशांक एकच, २२.३, म्हणजे कोष्टकाप्रमाणें दोघेही सडपातळ. पण अंगांतील चरबी एकाची शेंकडा ९.१ आणि दुसऱ्याची २१.२. मोठा आंकडा पुणेकराचा होता, हें सांगावयास नकोच. आमचा हा निर्देशांक क्वेटले या बेल्जियन गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकांत युरोपियनांच्या मापांवरून बसविलेला. तो आमच्या अंगाला अंगरख्यासारखा बसेल ही अपेक्षाच चुकीची होती. त्याच २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २५ ही आंतरराष्ट्रीय खूण कायम ठेवून आशियाई लोकांसाठीं २३ ही सावधगिरीची आणखी एक खूण धरावी असें सुचविलें. हडकुळ्या आईला साखर कशी झाली, या प्रश्नाला इतकें तरी उत्तर आतां आहे. चरकाचा ‘बीजस्वभाव’ येथें परत भेटतो. मात्र त्या बीजाला पाणी कोणीं घातलें आणि कोणीं घातलें नाहीं, हाही प्रश्न त्याच्याबरोबर येतो.

येथें आमच्यांतला इतिहासकार आम्हांस आवरतो. शेंकडों स्त्रियांच्या सरासरीवरून जें सिद्ध होतें तें एका घराला लावतां येत नाहीं. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत हॉलंडांत जर्मन नाकेबंदीनें जो उपासमारीचा प्रसंग आला, त्या वेळीं गर्भांत असलेल्या माणसांच्या रक्तांत पन्नास वर्षांनीं साखर पचविण्याची शक्ति कमी आढळली, हें खरें. तथापि आमच्या उंबरठ्यावरची साखर १९७२ सालच्या विकलेल्या म्हशीनें आणून बसविली, असें म्हणण्याला आमच्यापाशीं पुरावा नाहीं. तीस वर्षें खुर्चींत बसून शिकविणें, लिहिणें आणि लग्नसमारंभांत आग्रहाला बळी पडणें, याला म्हैस जबाबदार नव्हे. ‘दूध बंद’ या दोन शब्दांवरून बोट मात्र अजून निघत नाहीं.

वहीचें फळ काय, असें वाचक विचारतील. गेल्या रविवारचा आंकडा ७६.४ आहे. दोनदांच जेवावें हें डॉ. जिचकारांचें मत पुढें नेणारे डॉ. दीक्षित खरे, कीं थोडथोडें पण वरचेवर खावें म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर खऱ्या, या वादानें २०१८ च्या सुमारास पुण्यांतील कित्येक घरांत दोन पक्ष पाडले होते. आमच्या वहीनें त्याचा निकाल लावलेला नाहीं. तिनें एवढेंच केलें कीं, तिसरा चहा लिहावा लागतो म्हणून तो घेण्याचें राहिलें. पहांटे मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज सुरू झाला कीं आम्ही सतरंजी पसरतों.

गेल्या महिन्यांत एका रात्रीं वही लिहितां लिहितां आम्हांस त्या सहा गांवांतल्या पाहणीची आठवण झाली, आणि आम्हीं पत्नीला सहज विचारलें, ‘काल सकाळपासून तूं काय काय खाल्लेंस?’

‘अहो, घरांत जें होतं तेंच. निराळं काय खाणार?’

आम्हीं पाहणीची रीत धरली. एकेक वेळ घेऊन विचारूं लागलों. सकाळीं चहा आणि त्याबरोबर परवांची पोळी, ‘वाया कशाला घालवायची?’ डबे भरून झाल्यावर पुन्हां चहा. दुपारीं तीन वाजतां भात आणि आमटी, उभ्यानेंच. रात्रीं पोळी एक, भाजी संपली होती म्हणून लोणचें.

‘आणि दूध?’

‘तुमचं आणि मुलीचं झालं कीं चहापुरतं उरतं.’

पंचवीस वर्षें आम्ही एका घरांत राहत आहों. आम्हीं वहींत नवीन पान काढलें आणि तिच्या नांवानें रकाने आंखले. येत्या सोमवारीं तिच्याही रक्ताची तपासणी करावयाची असें ठरलें आहे. साखर आणि बी-१२ दोन्हीं. ‘मला काय झालंय? उगीच खर्च,’ असें तिचें अजून चाललें आहे.